समुद्र उजव्या हाताला

ओरेल तिव्हिएर्झला गास्पेझीचा किनारा तोंडपाठ होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. सत्तावीस वर्षं त्यानं लेव्ही गावच्या गिरणीतला पिठाचा ट्रक त्या किनाऱ्यावर हाकला होता. सोमवारी सकाळी निघायचं, अख्ख्या द्वीपकल्पाला प्रदक्षिणा घालत गावोगावच्या बेकऱ्यांत पोती उतरवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी घर गाठायचं. तिकडे त्याला अजूनही 'पीठवाला ओरेल' म्हणत. कुठल्या वळणावर धुकं बसतं, कुठल्या चढावर गिअर बदलावा लागतो, कुठल्या दीपगृहाचा माथा लाल आणि कुठल्याचा पांढरा, काहीही विचारा. न विचारलं तरी सांगायचा.

त्याची बायको रेमोंद मात्र त्या किनाऱ्यावर एकदाही गेली नव्हती. ऐकायला विचित्र वाटतं, पण ट्रकवाल्यांच्या घरी असंच असतं. ट्रकमध्ये घरच्या माणसाला बसवायला गिरणीची मनाई, आणि सुट्टी लागली की ओरेलला स्टिअरिंगचं तोंड बघायला नको. पुढे तिची आई अंथरुणाला खिळली, आई गेली तेव्हा ओरेलच्या गुडघ्यानं दगा दिला. असं करत करत वर्षं निघून गेली.

पण दर शुक्रवारी मटारच्या सुपाचा वाडगा पुढ्यात घेऊन तो तिला आठवडाभराचा समुद्र सांगायचा. सांगायचाही असा, की दिवसभर शाळेच्या खानावळीत बटाटे सोलून आलेली रेमोंद चमचा हातात तसाच धरून बसायची. "डोंगर सरळ पाण्यात उतरलेत गं. मधे एवढासा रस्ता. भरतीच्या वेळी लाट येते ती थेट काचेवर. मी वायपर लावतो ते पावसासाठी नाही, समुद्रासाठी." हे तिनं शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरही वेळा तिला ते आवडलं होतं.

यंदा जायचंच, असं फेब्रुवारीत ठरलं. ठरवलं रेमोंदनं, आणि इतक्या ठामपणे की ओरेललाही नवल वाटलं. त्यानं लगेच खोल्या धरल्या, आणि त्याही जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात बांधकामवाल्यांना सुट्टी असते, आणि त्यांच्यामागोमाग सगळा क्वेबेक प्रांत गाड्या काढून रस्त्यावर येतो.

"अरे, तुला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली," रेमोंदची धाकटी बहीण कोलेत म्हणाली. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि दिवसातून चारदा खाली यायची. "जूनमध्ये जा, सप्टेंबरमध्ये जा. त्या गर्दीत कशाला मरायला जाता?"

"सुट्टी म्हणजे ते दोन आठवडे," ओरेल म्हणाला. "एरवी जाणं म्हणजे दांडी मारणं."

कोलेतनं कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे निम्मे म्हातारे असाच विचार करतात, आणि मग एकाच रांगेत उभे राहून एकमेकांच्या गर्दीला शिव्या घालतात.

मुक्काम चार होते. पहिली रात्र मों-सें-पिएर, दुसरी गास्पे, तिसरी पेर्से, चौथी कार्लतों, आणि मग दरीतल्या रस्त्यानं घरी. म्हणजे प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, उत्तरेकडून सुरू. ओरेलच्या मते दुसरी दिशा जगात नव्हती. "पेर्सेला जायचं ते उत्तरेकडूनच," तो टेबलावर बोट आपटून म्हणायचा. "चढ चढत जातो, चढत जातो, काही दिसत नाही. मग एक वळण, आणि एकदम खाली तो खडक, भर समुद्रात उभा. त्याच्या पोटातल्या भोकातून पलीकडचं पाणी दिसतं. मी दर आठवड्याला बघायचो, आणि दर आठवड्याला माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. उलट बाजूनं गेलं की तो मागे राहतो, आरशात. आरशात कसली गंमत?"

जून लागला तसं त्यानं रंगीत तालीम सुरू केली. संध्याकाळी जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडायच्या. डावीकडे ओरेल, हातात केक भाजायचं गोल रिकामं ताट, ते स्टिअरिंग. उजवीकडे रेमोंद, मांडीवर पर्स. पर्स तिनं स्वतःहून घेतली होती, कारण म्हणे पर्सशिवाय गाडीत बसल्यासारखं वाटत नाही. ऊन आठ वाजेपर्यंत फरशीवर रेंगाळायचं, आणि ती दोघं रोज पन्नास-साठ मैल पुढे जायची. ओरेलच्या डाव्या हाताशी स्टुलावर चॉकलेटचा जुना डबा असे. त्यात मोटेलवाल्यांनी वर्षानुवर्षं दिलेली चित्रांची कार्डं होती. गाव आलं की तो कार्ड काढून डावीकडे, आपल्या खिडकीबाहेर धरायचा.

"सेंत-फ्लावी आलं. इथपासून तिला नदी म्हणायचं नाही. इथपासून समुद्र."

"कोण म्हणतं?"

"तिथले लोक म्हणतात. पलीकडचा काठ दिसेनासा झाला की समुद्र."

पाचव्या संध्याकाळी ते मों-सें-पिएरला पोहोचले. ओरेल रंगात आला होता. गाडी चालवताना नजर रस्त्यावरून काढायची नाही हा त्याचा नियम स्वयंपाकघरातही चालू होता, म्हणून त्यानं न बघताच डावा हात स्टुलाकडे नेला, चाचपून कार्ड उचललं आणि बाहेर धरलं. "बघ आता. दोन डोंगरांच्या मधे अर्धा चंद्र कापून ठेवावा तसा किनारा. बघितलंस?"

"आहाहा," रेमोंद म्हणाली. "काय निळं आहे रे."

ओरेलनं समाधानानं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात कार्ड नव्हतं. किराणा दुकानाची जाहिरात होती, आणि तिच्यावर लाल अक्षरांत डुकराच्या मांसावरची सवलत छापलेली होती.

त्याला आधी हसू आलं. वाटलं, म्हातारी आपली फिरकी घेतेय. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती समोर खिडकीकडे बघत होती, चेहरा किंचित त्याच्या बाजूला, ओठांवर ते शुक्रवारचं हसू. त्यानं जाहिरात हळूच तिच्या डाव्या गालाजवळ नेली, अगदी वीतभर अंतरावर. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

"पुढे काय?" तिनं विचारलं.

"पुढे..." ओरेल म्हणाला. "पुढे धुकं आहे. आज इथंच थांबू."

सकाळी कोलेतकडे मोसमातल्या पहिल्या स्ट्रॉबेऱ्या आल्या होत्या. ओरेल जिना चढून वर गेला, एरवी गुडघ्यामुळे तो कधी चढत नसे. त्याला दारात बघूनच कोलेतला कळलं.

"तिनं मला शपथ घातलीय," ती म्हणाली.

"तू बोलू नकोस. देठं काढ. मी विचारतो, हो असलं तर देठ काढायचं, नसलं तर नाही." तो समोर बसला. "डावा?"

कोलेतनं एक देठ काढलं.

"पूर्ण गेला?"

दुसरं देठ.

"आणि उजवा?"

कोलेतचे हात थांबले. मग तिनं सुरी खाली ठेवली आणि शपथ मोडली. काचबिंदू. डावा हिवाळ्यातच गेला. उजव्याचीही कडेनं नजर आत आत येतेय. डॉक्टरीण म्हणाली, हा उन्हाळा नक्की तुमचा, पुढच्याचं मी बोलत नाही. हे सगळं चालू असताना ओरेल दर खेपेला दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून रेडिओ ऐकत होता, कारण त्याला आतला वास सोसत नसे. रेमोंदनं परत येऊन सांगायचं, "जरा मंद झालाय डोळा, वयानं." आणि त्यानं म्हणायचं, "माझाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळं रद्द केलं असतंस. उशा लावून तिला घरात बसवलं असतंस आणि वर समुद्र वर्णन करून सांगितला असतास." कोलेतचे डोळे भरले होते, पण जीभ जागच्या जागी होती. "तिला तो बघायचाय रे. तुझ्या तोंडून नाही. फेब्रुवारीत ती एवढी हटून का बसली असं तुला वाटलं?"

त्यात रेमोंदची मान. संधिवातानं ती डावीकडे पुरती वळायचीच नाही, हे त्याला माहीत होतं, गेली सहा वर्षं माहीत होतं. त्यानं मनातल्या मनात रस्ता डोळ्यांसमोर आणला. उत्तरेकडून निघालं की समुद्र सगळा रस्ता डाव्या हाताला, त्याच्या खिडकीत. तिच्या बाजूला काय? डोंगराची कापलेली कड, झुडपं, टपालाच्या पेट्या. चार दिवस तो तिला टपालाच्या पेट्या दाखवणार होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो स्ट्रॉबेरी न खाताच उठला.

"फिरवतो," जिन्यात वळून तो म्हणाला.

"काय?"

"प्रदक्षिणा फिरवतो. आधी दरी, मग दक्षिण किनारा, मग उत्तर. सगळा वेळ समुद्र तिच्या उजव्या हाताला. रस्त्याच्या तिच्याच कडेला, मधे दुसरी गाडीसुद्धा नाही."

"त्या पंधरवड्यात? लोकांनी फेब्रुवारीत धरलेल्या खोल्या तू जूनमध्ये फिरवणार? वेडा आहेस का?"

तो वेडा होता की नाही माहीत नाही, पण पीठवाला होता. दुपारी रेमोंद झोपली तसा तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. पहिला फोन कार्लतोंच्या गिल्बेर्तला. तिच्या आईची बेकरी होती, आता गिल्बेर्तचं मोटेल होतं.

"गिल्बेर्त, मी ओरेल. पीठवाला."

"अजून मेला नाहीस?"

"सवड झाली नाही. ऐक, मला चौथी रात्र नको, पहिली हवी."

"आणि मला नवीन कंबर हवी. त्या दिवशी कोपरासुद्धा रिकामा नाही, ओरेल. अचानक काय झालं?"

त्यानं सांगितलं. एका दमात, कोरडं, जणू कुठल्या गावात किती पोती ते सांगतोय. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मुलगी-जावई येताहेत त्या दिवशी," गिल्बेर्त म्हणाली. "जावयाला तंबूत झोपवते. त्याला बरंच आहे ते, फार घोरतो."

मों-सें-पिएरचा मोटेलवाला ओव्हिला म्हणजे मुलखाचा घुमा माणूस. ट्रक आल्यावर सत्तावीस वर्षांत तो एकूण चाळीस शब्द बोलला असेल.

"ओव्हिला, मला पहिल्या रात्रीऐवजी चौथी पाहिजे."

"का?"

"बायकोचा डावा डोळा गेलाय. समुद्र उजवीकडे हवा."

"आहे खोली."

"अरे, वही तरी बघ."

"वही माझी आहे," ओव्हिला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या किनाऱ्यावरची माणसं अशी आहेत. गोड बोलणार नाहीत, दार उघडतील. ओरेलनं बाहीनं नाक पुसलं आणि पेर्सेचा नंबर फिरवला. पेर्सेला नशीब संपलं. जुना मालक कधीच विकून गेला होता. फोनवरची मुलगी अतिशय नम्र होती. तिसरी रात्र तुमच्या नावावर आहे मोस्यू, ती तशीच राहील, पण दुसरी नाही. नाही मोस्यू, एक खाटही नाही. ओरेलनं आख्ख्या पेर्सेत फोन लावले. सगळीकडे तेच.

म्हणजे पेर्सेला तिसऱ्याच रात्री जायला हवं. गास्पेचा मुक्काम सोडून द्यायचा, ते जमत होतं. पण दुसरी रात्र हवेत लटकली. त्यानं पुन्हा गिल्बेर्तला फोन लावला.

"अरे, मग माझ्याकडेच दोन रात्री राहा की," ती म्हणाली. "जावई तंबूत रमेल."

"दोन रात्री? आणि मधला दिवस? दिवसभर काय करायचं तिथे?"

"काय करायचं म्हणजे? समुद्र आहे दाराशी."

"तो कळला गं. पण करायचं काय?"

गिल्बेर्तनं यावर काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी ओरेलनं खुर्च्या मांडल्या आणि ताट हातात न घेता नुसता बसून राहिला. रेमोंद पर्स घेऊन आली. त्यानं ठरवलेलं वाक्य वेगळं होतं, तोंडातून भलतंच आलं.

"मी बेत बदललाय. उलट बाजूनं जातोय आपण. पेर्सेचा खडक आरशात जाईल, त्याला इलाज नाही. आणि कार्लतोंला एक आख्खा दिवस वाया जातोय. जमलं नाही मला. मी सगळ्यांना फोन केले, पण नाही जमलं."

रेमोंदनं मान नाही, आख्खी खुर्चीच वळवली आणि त्याच्याकडे उजव्या डोळ्यानं नीट पाहिलं.

"तुला कळलं तर."

"डुकराच्या मांसाला तू निळं म्हणालीस."

आधी ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. ओरेलला काय करावं कळेना, म्हणून त्यानं तिचा हात धरला. "रद्द नाही करत," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "काही रद्द नाही करत. पहिल्या दिवशी नदी डावीकडेच राहील, तेव्हा तू झोप. दरीत झाडंच आहेत. पण दरीतून बाहेर पडलो की सगळा तुझ्या बाजूला. शेवटपर्यंत."

तिनं नाक शिंकरलं, खुर्ची सरळ केली, पर्स मांडीवर घेतली. "चल तर. दाखव."

ओरेलनं ताट उचललं. या दिशेनं त्याला जरा अडखळायला होत होतं, पण रस्ता तोच होता. दरी संपली, उपसागर उघडला, डबा आता रेमोंदच्या उजव्या हाताशी होता आणि तो वाकून तिच्या खिडकीत कार्डं धरत होता. या खेपेला ती खरंच बघत होती. होड्यांचे रंग तिनं आपणहून सांगितले. कार्लतों आलं.

"वाळू अशी लांबच लांब पाण्यात गेलीय," ओरेल म्हणाला. "तिच्या टोकाला दीपगृह. छोटंसं आहे, पण ऐटबाज. संध्याकाळी पाणी गुलाबी होतं. मी गिल्बेर्तच्या आईकडे बारा पोती उतरवायचो आणि..."

"पाणी कसं असतं?"

"सांगितलं ना, गुलाबी."

"रंग नाही. हाताला कसं लागतं? थंड? कोमट?"

ओरेलनं कार्ड उलटून मागची बाजू पाहिली.

"वाळू कशी आहे? बारीक, की खडे टोचतात?"

तो ताटाकडे बघत राहिला. "बेकऱ्यांची दारं मागच्या बाजूला असतात," तो म्हणाला. "पोती उतरवायची ती डोंगराकडच्या बाजूनं. आणि ट्रक रस्त्यावर सोडून जाता येत नाही, मागे रांग लागते. मोटेलवर पोहोचायचो तो मेल्यासारखा झोपायचो."

"सत्तावीस वर्षं?"

"सत्तावीस."

"एकदाही उतरला नाहीस?"

"नाही."

आता ही हसेल, असं त्याला वाटलं. किनारा तोंडपाठ असलेल्या माणसानं पायाचा अंगठासुद्धा त्या पाण्यात बुडवला नव्हता, आणि हे त्याच्या स्वतःच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. कोलेतला कळलं तर ती अख्ख्या लेव्हीभर सांगणार होती.

रेमोंद हसली नाही. "मला दर शुक्रवारी तुझा हेवा वाटायचा," ती म्हणाली. "राग यायचा कधी कधी. वाटायचं, हा तिकडे समुद्र उपभोगून येतो आणि मी इथे बटाटे सोलते. आता माझे डोळे जायला निघाले तेव्हा तर वाटलं, माझ्या वाटणीचं राहूनच गेलं सगळं." तिनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि खाली ठेवलं. "म्हणजे आपण दोघंही पहिल्यांदाच जाणार आहोत."

"हो," ओरेल म्हणाला. "तसंच म्हणायचं."

"मग गाडी थांबव."

"इथे?"

"इथेच. दोन रात्री आहेत ना आपल्याला? आणि पेर्सेलाही थांबव, त्या चढावर पोहोचलो की. खाली उतरू, मागे वळू आणि हवा तेवढा वेळ बघू. मागची रांग बसेल भोंगे वाजवत."

हे ओरेलला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं किल्ली फिरवली, म्हणजे हवेत फिरवली. गुडघा सांभाळत उठला, खुर्च्यांना वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला, दार उघडलं आणि हात पुढे केला. ती उठली. दोघं स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, फरशीवर ऊन होतं.

"आता?" रेमोंदनं विचारलं.

"आता पुढचं मला माहीत नाही."

एवढ्या वर्षांत तो किनाऱ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलला होता. रेमोंदनं त्याचा हात सोडला नाही. एका हातानं टेबलाचा आधार घेत तिनं एकेक करून सपाता पायांतून काढल्या, मग मोजे, आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली.

"तूही काढ," ती म्हणाली, आणि ओरेल मोजे काढायला खाली बसला.